गोळीचं नाव पाठ असू द्या

माझं बीपी वाढलंय हे कळलं ते ऑफिसातल्या आरोग्य तपासणीत. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, झोपही व्यवस्थित लागत होती. आणि यंत्रावर आकडा आला १६०/१००. आमच्या डॉक्टरांनी त्या एका आकड्यावर गोळी लिहून दिली नाही. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजून वहीत लिहून आणायला सांगितलं. मोजायचं कसं तेही करून दाखवलं. आधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पावलं जमिनीला लागलेली, पट्टा उघड्या दंडावर आणि हात टेबलावर, हृदयाच्या उंचीला. त्याआधी अर्धा तास चहा नको, मोजताना गप्पा नकोत. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. वहीतले आकडेही चढेच निघाले, तेव्हा अ‍ॅम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली.

‘एकदा ही गोळी लागली की जन्मभर सुटत नाही,’ हे वाक्य त्या महिन्यात मी प्रत्येक नातेवाइकाकडून ऐकलं. डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी सरळ सांगितलं : या गोळीचं व्यसन लागत नाही. ती रक्तवाहिन्या सैल करते आणि अंगात असेपर्यंतच काम करते. बंद केली की बीपी पुन्हा चढतं, आणि चढलेलं कळतही नाही. आकडे नॉर्मल आले म्हणून गोळी सोडायची नाही, कारण ते नॉर्मल आले आहेत गोळीमुळेच.

पुढे डोस १० मिलिग्रॅम झाला आणि पाय सुजायला लागले. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा, घोट्याशी अंगठा दाबला की खळगा पडायचा. गोळी आपल्या मनाने बंद न करता मी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी लघवी आणि रक्त तपासून किडनीचं काही नाही ना, याची खात्री केली. ही सूज अ‍ॅम्लोडिपिनमुळे बऱ्याच जणांना येते आणि डोस वाढला की वाढते, असं ते म्हणाले. त्यांनी ती पुन्हा ५ वर आणली आणि जोडीला टेल्मिसार्टन ४० दिली. सूज उतरली, बीपीही आवाक्यात आलं. मात्र नवी गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला सांगितलं होतं, ते मी चुकवलं नाही. टेल्मिसार्टनने कधीकधी पोटॅशियम वाढतं आणि ते रक्त तपासल्याशिवाय समजत नाही.

या गोळ्यांचं खरं गांभीर्य मला उमगलं ते आईच्या आजारपणात. ती न्यूमोनियाने एका रुग्णालयात होती. घरी येताना डिस्चार्ज कार्डावर बीपीची एक गोळी लिहिलेली होती, तिच्या नेहमीच्या गोळीहून वेगळ्या नावाची. आई म्हणाली, ‘अगं, ही नवी दिलीय, ती जुनी चालूच आहे माझी.’ मी दोन्ही स्ट्रिप शेजारी ठेवल्या आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचली. दोन कंपन्या, दोन नावं, पण आत एकच औषध : टेल्मिसार्टन, ४० मिलिग्रॅम. नवी गोळी जुनीच्या जागी होती, पण तसं कार्डावर कुणी लिहिलं नव्हतं आणि घरी सोडताना सांगितलंही नव्हतं. दोन्ही चालू राहिल्या असत्या तर ऐंशीच्या घरातली, आजारपणाने खंगलेली बाई रात्री बाथरूमला उठताना घेरी येऊन पडू शकली असती. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय होतं, ते आपण घरोघरी पाहतो.

तेव्हापासून आईच्या आणि माझ्या गोळ्यांची मूळ नावं मी पाठ केली आहेत. मेडिकलमध्ये दर वेळी त्याच कंपनीची गोळी मिळेल असं नाही, त्यामुळे बाहेरचं नाव आणि रंग बदलतात. आतलं औषध आणि मिलिग्रॅम मात्र बदलता कामा नये. आमच्याकडे कात्रीने कापून चार-सहा गोळ्या देण्याची पद्धत आहे. कापलेल्या तुकड्यावर कधी नाव नसतं, कधी मुदतीची तारीख नसते. मी आता अख्खी स्ट्रिपच घेते. टेल्मिसार्टनला दमट हवा सोसत नाही, म्हणून ती आधीच सोलून आठवड्याच्या डबीत भरून ठेवत नाही. घ्यायच्या वेळीच काढते.

नावं माहीत असल्याचा उपयोग पुढे वारंवार झाला. आईचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा शेजारच्या काकूंनी प्रेमाने त्यांच्याकडची डायक्लोफेनॅक आणून दिली. अशा पेनकिलरने बीपी वाढतं. टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना त्या घेतल्या, तर किडनीवर ताण येतो. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल आणि लावायचं मलम सुचवलं. भावाने ‘लो सोडियम’ मीठ आणलं, त्याच्या पाकिटावर पोटॅशियम क्लोराइड लिहिलेलं होतं. टेल्मिसार्टन घेणाऱ्या आणि किडनी थोडी कमजोर असलेल्या माणसाला ते घातक ठरू शकतं, कारण पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. ते पाकीट परत गेलं. साधंच मीठ ठेवलं, पण लोणचं-पापड पानातून उठवले आणि भाकरीच्या पिठातलं मीठ बंद केलं. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आईला जुलाब-उलट्या झाल्या, तेव्हा मी गोळी देण्याआधी फोन केला. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना टेल्मिसार्टन नको, खाणं-पिणं सुरळीत झाल्यावर सुरू करा, असं डॉक्टर म्हणाले. तो निर्णय त्यांचा होता, माझं काम विचारण्याचं. एखाद्या दिवशी गोळी राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर आम्ही ती घेतो; दुसऱ्या दिवशी आठवली तर नेहमीची एकच, दोन कधीच नाही. माझ्या भाचीला टेल्मिसार्टन चालू होती. लग्न ठरल्यावर तिला मी आवर्जून डॉक्टरांकडे पाठवलं, कारण गरोदरपणात ही गोळी बाळाला इजा करते. तिची गोळी वेळेवर बदलून मिळाली.

बीपीची गोळी स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मोफतही मिळते, आणि नियमाने घेतली तर पक्षाघात आणि हृदयविकाराच्या झटक्यापासून वाचवते. ती घाबरून सोडण्यासारखी नाही, पण डोळे झाकून घेण्यासारखीही नाही. तुमच्या घरात कुणाला ती चालू असेल तर आजच सगळ्या स्ट्रिप काढा. मागची नावं आणि मिलिग्रॅम एका कागदावर लिहा, आणि तो कागद दाताच्या डॉक्टरपासून हाडांच्या डॉक्टरपर्यंत प्रत्येकाला, औषध लिहून घेण्याआधी दाखवा.