ठिपक्यांमधले अंतर

तंजावुरास बदलून आलो, तेव्हा शेजारच्या आजीबाईंनी आमच्या सौभाग्यवतीस पहिली विद्या शिकविली ती कोलमाची. पहाटे दारात सडा घालावयाचा आणि तांदळाच्या पिठाचे ठिपके सारख्या अंतरावर मांडावयाचे. ठिपका चुकला की रेघ चुकलीच, हा त्यांचा दंडक. दोन वर्षांनी हिची बोटे सकाळी वळेनाशी झाली. डॉक्टरांनी आमवाताचे निदान केले. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच या रोगात आपल्या सांध्यांना परके समजून त्यांवर चालून जातात. सासूबाईंच्या पत्रात मात्र दोष आला तो इथल्या पाण्याला, म्हणजे पर्यायाने माझ्या बदलीला.

या रक्षक पेशी चेततात तरी कशाने, हा प्रश्न मला सोडीना. येथील सरस्वती महालात सरफोजी महाराजांच्या (१७९८–१८३२) कारकिर्दीतील नेत्ररुग्णांच्या नोंदी व चित्रे जतन केलेली आहेत. डोळ्यांना दिसले ते त्या काळी निगुतीने टिपून ठेविले गेले. पण हा तंटा जेथे पेटतो तेथे दृष्टी पोहोचत नाही.

तेथे पोहोचण्यासाठी शास्त्रज्ञांनीही ठिपकेच मांडले आहेत, असे पुढे वाचनात आले. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे नॅनोमीटर. अशा मापाने मोजावयाचे धातूचे कण ते काचेवर ठराविक अंतरांवर बसवितात, त्यांवर टी-पेशीला चेतविणारे रेणू जोडतात आणि वर जिवंत पेशी सोडतात. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांचा असा एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. रेणूंमधले अंतर सुमारे ५० नॅनोमीटरांच्या आत असले की पेशी नीट जागी होते. ते वाढले की खुणा समोर असूनही तिचा प्रतिसाद मंदावतो.

आम्हां कारकुनांना यात नवल नाही. विखुरलेल्या तक्रारी फाइलींत निजतात. त्याच एका टेबलावर एकत्र आल्या की कचेरी हलते.

या शोधाने हिची बोटे मोकळी झालेली नाहीत. गोळ्या चालूच आहेत. परंतु जे चेतते ते मोजता आले, तर कधीतरी ते शांतही करता येईल, एवढा धीर मला त्यातून मिळाला. सासूबाईंना मी तसे सविस्तर लिहिले. उत्तर अद्याप आलेले नाही.

हल्ली कोलमाचे ठिपके मी मांडतो. उंबऱ्यात उभी राहून ही पाहत असते आणि मध्येच म्हणते, "अहो, जरा जवळ घ्या."