म्युनिकची थंडी आणि गाडीची पायताणे

परदेशाच्या प्रवासवर्णनात राजवाडे, पुतळे आणि बागा असाव्यात असा रिवाज आहे. जर्मनीतील म्युनिक शहरात आम्हीही ते सर्व पाहिले. परंतु २०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही उभयता भाच्याकडे गेलो, तेव्हा पहिले आठ दिवस त्या घरात एकच विषय चालू होता. गाडीला थंडीचे टायर कोणते घ्यावयाचे? राजवाड्यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, तेव्हा आम्ही टायरांविषयीच लिहितो.

आपल्याकडे टायर एकदा बसवला की गुळगुळीत होईपर्यंत चालतो, आणि गुळगुळीत झाल्यावरही वडापच्या जीपला चालतो. तिथे पुष्कळ घरी एका गाडीला टायरांचे दोन जोड असतात, एक उन्हाळ्याचा व एक थंडीचा. लोकांची म्हणच आहे, ‘फॉन ओ बिस ओ’. म्हणजे ऑक्टोबरपासून ओस्टर्नपर्यंत, अर्थात ईस्टरपर्यंत थंडीचे टायर. आपण नाही का पावसाळा लागला की चामडी चप्पल माळ्यावर टाकतो आणि रबरी काढतो? तसेच ते. फरक इतकाच की तिथे त्यामागे कायदा आहे. जर्मनीत रस्त्यावर बर्फ किंवा बर्फाचा चिखल असताना साध्या टायरांवर गाडी चालवली तर साठ युरो दंड होतो आणि लायसनवर एक गुण चढतो. वाहतूक अडली तर दंड वाढतो.

भाच्याने त्या उन्हाळ्यात एक जुनी, सात माणसांची मोठी गाडी घेतली होती. माणसे व सामान धरून जवळजवळ तीन टन. इंजिनाचा जोर चारही चाकांना. त्यामुळे त्याला मोठा धीर आला होता. "मामा, ही गाडी डोंगर चढते. हिला बर्फाचं काय भय?" असे तो म्हणे. तरी कायद्यासाठी टायर घेणे भागच होते. एका ओळखीच्याकडे वापरलेला जोड दोनशे युरोला मिळत होता. नवे घेतले तर पावणेआठशेच्या घरात जाणार होते. घराचे भाडे, दीड वर्षाच्या मुलीचा पाळणाघराचा खर्च, गावी पाठवायचे पैसे. त्याचा हिशेब आम्हांला समजत होता. सहाशे युरो काही थोडे नव्हेत.

आम्ही पडलो कारकून. कागद किंवा आकडा समोर आला की वाचल्याशिवाय राहवत नाही. त्या ओळखीच्याच्या तळघरात जाऊन टायरांच्या अंगावरचे आकडे आम्ही वहीत उतरवून घेतले. २५५/५५ आर १८, पुढे १०५. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के. अठरा म्हणजे रिमचे इंच. हे भाच्याने सांगितले. शेवटचे १०५ मात्र त्याने गाळले होते. तो भाराचा आकडा. तक्त्यात पाहिले तर १०५ म्हणजे एका टायरवर ९२५ किलो. गाडीच्या कागदांत त्या मापाला १०९ लिहिलेले होते, म्हणजे १०३० किलो. टायरमागे १०५ किलो कमी, चारांचे मिळून ४२० किलो. माप तेच, पण तो जोड हलक्या गाडीचा होता.

आणखी दोन गोष्टी निघाल्या. एका टायरवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. त्यावरून ते टायर दहा वर्षांपूर्वीचे ठरले. आणि त्यांवर फक्त ‘एम अधिक एस’ ही अक्षरे होती. म्हणजे चिखल आणि बर्फ. ही अक्षरे कोणताही कारखाना चाचणीवाचून छापू शकतो. चाचणी झालेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत बर्फाचे फूल असे चित्र असते. नुसत्या अक्षरांची सवलत जर्मनीत ३० सप्टेंबर २०२४ ला संपलेली होती. दोनशे युरोही जाणार आणि वर दंडही लागणार, असा तो व्यवहार होता.

भाचा थोडा हिरमुसला. मग आम्ही तिघे टायरच्या दुकानात गेलो. तिथला कारागीर साठीचा, मूळचा तुर्कस्तानचा. १९६१ मध्ये जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात मजुरांचा करार झाला, त्यानंतर गेलेल्यांपैकी त्याचे वडील. हाताला काळे वंगण, बोलणे मोजके. भाचा दुभाष्या झाला. भाच्याने पुन्हा चार चाकांच्या जोराचे सांगितले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी मध्येच विचारले, "चढताना जोर चार चाकांचा. पण थांबताना? ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतो ना?"

हे ऐकून तो कारागीर हसला आणि त्याने आपला पंजा फरशीवर टेकवला. एवढी मोठी गाडी, पण एक टायर रस्त्याला टेकतो तो साधारण एवढाच. चार पंजांवर तीन टन. चार चाकांचा जोर गाडी पुढे ढकलण्यापुरता, थांबताना त्याचा उपयोग नाही. उलट गाडी जड, म्हणून तिला थांबवणे अधिक कठीण. आणि गाडी सहज चढते म्हणून माणसाला रस्ता किती निसरडा आहे ते कळतच नाही. कळते ते पहिल्या ब्रेकला.

मग त्याने उन्हाळ्याचा आणि थंडीचा टायर शेजारी ठेवला. उन्हाळ्याचे रबर थंडीत कडक होते, खडूसारखे घासते. थंडीच्या टायरचे रबर मऊ राहावे अशा रीतीने बनवलेले असते. त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. त्या बर्फात रुततात. खाचांमध्ये बर्फ भरतो आणि तो खालच्या बर्फाला धरतो, कारण बर्फ बर्फाला चिकटतो. (लहानपणी गोळ्याच्या गाडीवर किस दाबून गोळा करताना पाहिलेले आहे, तेच हे शास्त्र.) खाच झिजली की हे सर्व थांबते. कायद्याला १.६ मिलिमीटर पुरते, पण शेजारच्या ऑस्ट्रियात चार मिलिमीटरखाली गेलेला थंडीचा टायर थंडीचा धरतच नाहीत. मोजायला दोन युरोचे नाणे खाचेत उभे करायचे. बाहेरची पांढरी कड बुडाली म्हणजे चार मिलिमीटर आहे.

बारमाही टायरांचाही प्रश्न निघाला. डोंगर-बर्फफुलाचे चित्र असेल तर तेही कायद्याला चालतात, आणि लहान गाडी घेऊन शहरातच फिरणाऱ्याला ते पुरतात असे आमचेही मत झाले. पण भाच्याला आल्प्सची ओढ. तीन टन घेऊन घाटात जाणाऱ्याने मधला मार्ग घेऊ नये.

पैसे थोडे वाचले ते दुसऱ्या वाटेने. गाडीला उन्हाळ्यात वीस इंची रिम होते. कागदांत अठरा इंचीही मंजूर होते. त्याचा टायर पुष्कळ स्वस्त, शिवाय थोडा अरुंद, आणि ताज्या बर्फात अरुंद टायर बरा चालतो. अठरा इंची रिम वापरलेले मिळाले. टायर मात्र नवे, १०९ चे. हवेच्या दाबाचे यंत्र या रिमांना वेगळे लागले, तो खर्च आम्ही धरला नव्हता. काढलेल्या टायरांवर खडूने जागा लिहून ते दुकानातच भाड्याने ठेवले. त्या कोठाराला तिथे टायरांचे हॉटेल म्हणतात! पन्नास किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या, असे त्याने दोनदा बजावले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. म्युनिकपासून गार्मिश नव्वद किलोमीटर, रस्ता सरळ. पुढे मिटेनवाल्ड, व्हायोलिन बनवणाऱ्यांचे गाव, घरांच्या भिंतींवर रंगीत चित्रे. हद्द ओलांडून ऑस्ट्रियातील झीफेल्डला पोचलो तेव्हा बर्फ पडत होता. उंची सुमारे बाराशे मीटर. एका उतरत्या गल्लीत आमच्यापुढे तशीच एक मोठी गाडी होती. तीच गाडी थोड्या वेळापूर्वी आमच्या डोळ्यांदेखत चढ सहज चढून गेली होती. वळणावर तिचे मागचे लाल दिवे लागले, आणि लागलेलेच राहिले. चाके थांबली होती, गाडी मात्र चालली होती. अगदी सावकाश, एखादी बैलगाडी उताराला लागावी तशी, ती बाजूच्या बर्फाच्या ढिगात जाऊन बसली. कोणाला इजा झाली नाही. आत दोन मुले होती, ती रडत होती. आम्ही थांबलो. बरोबर थांबलो. भाचा उतरला आणि ढकलायला जाण्यापूर्वी त्या गाडीच्या टायरकडे वाकून पाहू लागला. बर्फफुलाचे चित्र नव्हते.

पुढे झिर्लचा घाट. सोळा टक्के उतार, म्हणजे शंभर मीटरला सोळा मीटर खाली. ब्रेक निकामी झालेल्या गाड्यांसाठी बाजूला वर चढणाऱ्या आडवाटा काढलेल्या आहेत. मागे घरगाडी जोडलेल्यांना हा घाट उतरायला बंदी आहे. भाच्याने खालचा गिअर टाकला आणि एक शब्द न बोलता गाडी उतरवली. खाली इन नदीचे खोरे दिसत होते, पण आम्ही ते नीट पाहिले असे म्हणवत नाही. लहानगी झोपलेली होती. झिर्लला पोचून थर्मासमधला चहा काढला, तेव्हा मामीने भाच्याला विचारले, "ते दोनशेचे टायर अजून आहेत का रे त्याच्याकडे?"

"सांगून ठेवलंय त्याला, कोणाला विकू नकोस म्हणून," तो म्हणाला.