सर्व्हर डाऊन आहे, उद्या या

थोडं लांब लिहितोय. पण ज्यांच्या घरात सातबारा आहे, मग तो दोन गुंठ्यांचा का असेना, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन-दिवेआगरपासून इकडे चौल-रेवदंड्यापर्यंतच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. माझ्या आत्याची आठ गुंठ्यांची वाडी. माड थोडे वाचले, पोफळी मात्र काडी मोडावी तशा मोडल्या. शासनाने फळबागांसाठी हेक्टरी ५० हजार जाहीर केले. कोकणात हेक्टरात वाडी कुणाची असते? गुंठ्याला ५०० रुपये पडतात, म्हणजे आत्याला चार हजार. तोडलेल्या झाडांची उचलणावळसुद्धा नाही. पण तेवढ्यासाठी पंचनाम्यात नाव हवं, आणि पंचनाम्यात नाव यायला सातबाऱ्यावर हवं.

ऑनलाइन सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं. माझे वडील आणि काका, दोघंच. हस्तलिखितात चार नावं होती: दोन भाऊ, दोन बहिणी. खिडकीतला मुलगा म्हणाला, "दादा, सर्व्हरला नाव नाही, मी काय करू?" त्या मुलाची चूक नव्हती, हे आधीच सांगतो. घरी येऊन आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "पैशाचं जाऊ दे रे. मी मेले का, एवढं विचार त्यांना."

पत्रकार आहे म्हणून माझे फोन उचलतात तरी. तरीही कारण शोधायला दोन महिने गेले. ते शेवटी तलाठी भाऊसाहेबांनीच शोधलं. (हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण आमच्याकडे अजून भाऊसाहेबच.) जुन्या सातबाऱ्यावर एखाद्याचं नाव कमी झालं की त्याला कंस करायची पद्धत होती. आजोबा गेल्यावर वारस नोंद झाली, आजोबांच्या नावाला कंस पडला. ज्याने तो काढला त्याची शाई सढळ. कंसाचं शेपूट खाली उतरून दोन्ही आत्यांच्या नावांना लागलं होतं. कागद बघणाऱ्या माणसाला कळतं की हा कंस एकाचाच आहे. संगणकात भरणाऱ्या ऑपरेटरला दिवसाला ठरावीक सातबारे भरायचे होते. त्याने तीन नावं कमी केली. संपलं.

माझा भाचा ऐरोलीत एका कंपनीत डेटाबेस सांभाळतो. त्याला रागाने विचारलं, एवढी मोठमोठी सॉफ्टवेअरं, त्यांना ही चूक दिसत नाही? तो म्हणाला, "मामा, डेटाबेस म्हणजे दप्तर. त्याला सांगितलं असेल तेवढंच तो तपासतो." क्षेत्राची बेरीज जुळते का, खाते क्रमांक दोनदा आलाय का, हे तो तपासेल. पण आमचं खातं सामाईक. आठ गुंठे चौघांत असोत की दोघांत, एकूण आठच. बेरीज चोख. म्हणून मेळ न बसणाऱ्यांच्या कुठल्याच यादीत आमचा गट आला नाही. सगळ्यात वाईट चूक ती, जी हिशेबात बसते. आणि घरातली कुठली नावं गेली बघा. बायकांची.

'सर्व्हर डाऊन' हेही त्यानेच उलगडून सांगितलं. तुमच्यासमोर पडद्यावर दिसतं ते वेगळं, आत दप्तर ते वेगळं, आणि मध्ये एक कारकून असतो, ॲप्लिकेशन सर्व्हर. तुमची मागणी घेतो, तपासतो, दप्तरातून पान काढून आणतो. पण त्याला दप्तरखान्यात एका वेळी ठरावीकच हात घालता येतात. सगळे हात गुंतले की बाकीचे रांगेत. रांगेत ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबलात की पडद्यावर एरर. म्हणजे पुष्कळदा दप्तर शाबूत असतं, सर्व्हरही चालू असतो, मध्येच कोंडी झालेली असते. महाराष्ट्रात सुमारे अडीच कोटी सातबारे. त्यात २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेवटची तारीख आली की सगळं राज्य एकाच दारात. कोंडी होणारच. पण मग तसं सांगा की! 'डाऊन' हा शब्द पावसासारखा वापरतात, जणू कुणाच्या हातात काही नाही. किती हात ठेवायचे हे कुणीतरी ठरवलेलं असतं.

दुरुस्ती झाली ती जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली. लेखनातली चूक दुरुस्त करायचं कलम. हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल, वारस फेरफाराची नक्कल, अर्ज, तहसीलदारांचा आदेश, मग फेरफार, नोटीस, हरकतीचे १५ दिवस, मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. अर्ज ऑगस्टमधला, नाव लागलं मार्चमध्ये. फेरफार भाऊसाहेबांनी पहाटे पाचला भरला, कारण तेव्हा सर्व्हर हलका असतो. स्वतःच्या घरी बसून. हेही लिहायला हवं. आपण तलाठ्यांना शिव्या घालतो, पण या कोंडीत रात्री जागलेत तेच.

आता माझी चूक. २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचन झालं. संगणकातले सातबारे गावात मोठ्याने वाचून दाखवायचे आणि चुका टिपायच्या, यासाठीच. मी त्याची बातमी केली. फोटोही छापला. त्यात सगळे पुरुष बसलेले, ते तेव्हा लक्षात आलं नाही. आमच्या गावात वाचन झालं त्या दिवशी मी दुसऱ्या गावच्या वाचनाला गेलो होतो. आत्याला कुणी बोलावलंच नाही.

संहितेचं कलम १५७ म्हणतं, अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. कागदाच्या काळात ते ठीक होतं. पण संगणकाची नोंद खरी आणि माणसाने आपलं खरं सिद्ध करत फिरायचं, याचं टोक ब्रिटनमध्ये बघायला मिळालं. तिथल्या टपाल खात्याच्या होरायझन प्रणालीत हिशेब चुकत होते. १९९९ पासून पुढे नऊशेहून अधिक पोस्टचालकांना चोरी-अफरातफरीत दोषी ठरवलं गेलं, कारण संगणक बरोबर हे न्यायालयाने गृहीत धरायचं, असा तिथला नियम. शिक्षा रद्द करायला २०२४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. काहींनी तोवर जीव दिला होता.

आणि सातबाऱ्यावरचं नाव ही आपल्याकडे साधी गोष्ट नाही. याच अलिबाग तालुक्यात चरीला शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ संप केला, नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून. सहा वर्षं जमीन कसली नाही. पुढे कूळ कायदे आले आणि कुळांची नावं उताऱ्याला चढली. ती नावं आज कोण कुठल्या पडद्यावर कमी करतंय, कधी, कुणाच्या लॉगिनने, याची नोंद ठेवायची सोय मोठ्या डेटाबेसमध्ये असते असं भाचा सांगतो. ती खातेदाराला पंधरा रुपयांच्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्यासोबत दिली, तर काय बिघडेल?

हे आत्ता लिहायचं कारण, गेल्या आठवड्यात खिडकीपाशी एक म्हातारी बाई भेटली. तीच गोष्ट. भाऊ आहेत, बहीण नाही. गट नंबर वेगळा, एवढाच फरक.

म्हणून शुक्रवारी मी तहसीलच्या अभिलेख कक्षात तिच्याबरोबर जाणार आहे. आणखी कुणाला यायचं असेल तर इनबॉक्स करा. गट नंबर, ओळखपत्र, जुना उतारा असेल तर तो, आणि वारस फेरफाराचा क्रमांक आणा. जाण्याआधी ऑनलाइन सातबारा घरच्या बायकांसमोर मोठ्याने वाचा. फेरफाराच्या नोटिसा 'आपली चावडी'वर दिसतात, त्या अधूनमधून बघत जा. आणि दहाच्या आत या, अकरानंतर सर्व्हर जड होतो.