पायी गाठता येणारी टेकडी

चि. भाचेमहाशयांस,



संगणक क्षेत्रातील नोकरीसाठी शहर निवडताना वेतन आणि निसर्ग यांचा मेळ कसा घालावा, हा चिरंजीवांनी विचारलेला प्रश्न वरवर पाहता दोन राशींच्या तुलनेचा वाटतो. परंतु वेतन वर्षाच्या रकमेत मोजायचे आणि निसर्ग किलोमीटरांत, अशी लोकांची रीत असल्यामुळे ही तुलना बहुधा फसते. या दोन्ही गोष्टी तासांत मोजल्या पाहिजेत, आणि तेही सुट्टीच्या नव्हे, कामाच्या दिवसाच्या तासांत. चिरंजीवांपुढील दोन प्रस्तावांपैकी एक बंगळूरचा आणि दुसरा पुण्याचा असल्यामुळे पुण्याच्या उदाहरणावरून हा हिशेब मांडणे सोयीचे आहे.

आधी वेतन. प्रस्तावपत्रात ठळक अक्षरांत छापलेली रक्कम ‘सीटीसी’ची, म्हणजे कर्मचाऱ्यावर कंपनीच्या वर्षाकाठी होणाऱ्या एकूण खर्चाची असते, महिन्याच्या अखेरीस बँकेत जमा होणारा पगार ही निराळी गोष्ट आहे. या खर्चात भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा वाटा, म्हणजे सामान्यतः मूळ वेतनाच्या १२ टक्के, आणि उपदानाची, म्हणजेच ग्रॅच्युइटीची, ४.८१ टक्के तरतूद बहुधा धरलेली असते. विम्याचा हप्ता, वर्षाखेरच्या मूल्यमापनावर अवलंबून असलेली ‘व्हेरिएबल’ रक्कम आणि ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडल्यास परत करावा लागणारा रुजू होतानाचा बोनस हेही त्यातच मिसळलेले असते. समान हुद्द्यासाठी बंगळूरचा आकडा पुण्यापेक्षा सर्वसाधारणपणे मोठा असतो, हे मान्य करून पुढे जावे. त्या शहराचे खरे बळ मात्र या आकड्यापेक्षा नोकरी बदलण्याच्या संधीत आहे, कारण स्वतःचे उत्पादन विकणाऱ्या कंपन्या तेथे इतक्या दाटीने आहेत की वेतनवाढ नाकारली गेलेला अभियंता राहते घर न बदलता दुसऱ्या दाराशी जाऊ शकतो.

या आकड्यातून वजा करावयाची सर्वांत मोठी रक्कम कोणत्याही पगारपत्रकात दिसत नाही. ज्याला कार्यालयात जाऊन-येऊन दिवसाचे दोन तास लागतात, त्याचे वर्षाच्या २४० कामकाजी दिवसांत ४८० तास, म्हणजे अहोरात्र धरले तर सलग २० दिवस, रस्त्यावर जातात. बंगळूरचा बाह्य वळणरस्ता असो की पुण्यात हिंजवडीकडे जाताना लागणारा भूमकर चौक, या बाबतीत दोन्ही शहरे एकमेकांना नावे ठेवण्याच्या लायकीची नाहीत. तेव्हा घर कार्यालयाजवळ घ्यावे की टेकडीजवळ, हा पुढचा प्रश्न निर्माण होतो, आणि पुण्याचे वैशिष्ट्य असे की काही मोजक्या भागांत या दोहोंतून एक निवडण्याची वेळ येत नाही.

हे कसे घडले, हे कळण्यासाठी भूगोलाकडे वळावे लागते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्व उतारालगत वसले आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे घाट चढताना आपला बहुतेक पाऊस घाटमाथ्यावर टाकतात आणि पलीकडे उतरताना कोरडे होतात. या कोरड्या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या पुढे पाऊस पडतो, तर तेथून अवघ्या ६५ किलोमीटरांवरील पुण्यात सातशेच्या आसपास. शहराच्या वस्तीत शिरलेल्या वेताळ, पर्वती, बाणेर, तळजाई अशा टेकड्या म्हणजे सह्याद्रीच्या फाट्यांचे पूर्वेकडे पसरलेले अवशेष होत. संगणकाचा व्यवसाय पुण्यात आला तो टेकड्या पाहून नव्हे: १९८८ मध्ये येथे प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले, त्या केंद्राने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडीच्या शेतजमिनीवर माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारले, आणि २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण होऊन मुंबई जवळ आली. मुंबईच्या सोयीने शहराच्या पश्चिम टोकाला आलेला हा उद्योग सह्याद्रीच्याही वाटेवर जाऊन बसला, हा निव्वळ योगायोग.

येथे ‘टेकडी’ या शब्दाविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. पुण्यात ‘टेकडीवर जाणे’ ही सहल समजली जात नाही. दूध आणण्याइतकीच ती रोजची गोष्ट आहे. सकाळी सहाच्या सुमारास वेताळ टेकडीवर चढणाऱ्याला प्रथम गिरिपुष्पाची गर्द रांग लागते. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेचे, वनीकरणाच्या उत्साहात लावले गेलेले, आणि त्याच्या दाटीखाली स्थानिक गवत नीट वाढत नाही, म्हणून जाणकारांच्या नापसंतीचे. त्यापलीकडे माथ्यावर उघडा खडक आणि गवत सुरू होते, जुन्या दगडखाणीत साचलेले पाणी दिसते, मोर ओरडतो, आणि पावसाळा सरता सरता कवल्याची इवली पिवळी फुले, प्रत्येकीवर दोन तांबडे ठिपके घेऊन, पायवाटेच्या कडेला उभी राहतात. खाली चारही बाजूंनी शहराचा आवाज चालू असतो. या निसर्गाला रानावनाची भव्यता नाही, हे खरे. परंतु तो मंगळवारी मिळतो.

मंगळवारी मिळणे ही या व्यवसायात मोठी गोष्ट आहे. जागतिक क्षमता केंद्र, ज्याला ‘जीसीसी’ म्हणतात, ते परदेशी कंपनीने स्वतःच्याच कामासाठी भारतात उघडलेले कार्यालय असते, आणि तेथील कामाचे घड्याळ मुख्यालयाच्या घड्याळाला बांधलेले असते. भारतीय वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या साडेनऊ ते साडेदहा तास पुढे असल्यामुळे तिकडची सकाळ ही इकडची संध्याकाळ होते, बैठका रात्री दहापर्यंत लांबतात, आणि अभियंत्याच्या हाती स्वतःची म्हणावी अशी फक्त सकाळ उरते. सूर्यास्ताच्या जागा, समुद्रकिनारे आणि संध्याकाळचे फेरफटके यांच्या भरवशावर शहर निवडणाऱ्याने ही बाब आधी लक्षात घ्यावी.

सुट्टीच्या निसर्गाचे गणित याच्या उलट आहे. नकाशावर सिंहगड पुण्यापासून जेमतेम ३० किलोमीटरांवर आहे. पावसाळ्यातील रविवारी सकाळी उशिरा निघणाऱ्याला मात्र तो गडाच्या घाटरस्त्यावरील मोटारींच्या रांगेतूनच पाहावा लागतो. गर्दीचे परिणाम नेहमी एवढे निरुपद्रवी नसतात: जून २०२५ मध्ये तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने भरलेला असताना कोसळला आणि चार जण दगावले. ज्याला गर्दी टाळून सह्याद्री पाहायचा आहे, त्याने मोटारीचा नाद सोडून पुणे–लोणावळा लोकलने मळवलीला उतरावे आणि भाजे गावातून लोहगडाची वाट धरावी. याच लोहगडाचा आणि राजगडाचा समावेश २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने जागतिक वारसा ठरलेल्या बारा दुर्गांत झाला आहे, आणि त्यांतील एकाच्या पायथ्याशी उपनगरी गाडीने जाता येते, ही सोय थोडक्या शहरांना लाभली असेल.

मात्र ‘पुणे’ हे एकच शहर समजून निर्णय घेणे चुकीचे ठरेल. बाणेर, पाषाण, बावधन येथे राहणाऱ्याला टेकडी पायी गाठता येते आणि हिंजवडीही फार दूर पडत नाही. पूर्वेकडच्या खराडीत काम करून तेथेच राहणाऱ्याला टेकडीसाठी अख्खे शहर ओलांडावे लागते. पूर्वेकडे निसर्ग नाही, असे मात्र मुळीच नाही. सासवड, सुपे, इंदापूर या बाजूला पर्जन्यछायेतील गवताळ माळ पसरले आहेत, सुप्याजवळ चिंकारांसाठी राखलेले मयूरेश्वर अभयारण्य आहे, माळांवर लांडगा आणि खोकड टिकून आहेत. परंतु शासकीय नोंदींत अशा माळांना ‘पडीक’ म्हणण्याची जुनी सवय असल्यामुळे आणि पांढरपेशा डोळ्याला हिरवे तेवढेच निसर्ग वाटत असल्यामुळे खराडीचा अभियंताही लोणावळ्याच्याच रांगेत जाऊन उभा राहतो.

इतर पर्याय थोडक्यात. मुंबईत बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान महानगराच्या पोटात सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल राखून आहे आणि ठाणे खाडीत रोहित पक्षी उतरतात; शेवटची कसारा किंवा कर्जत लोकल धरून डोंगर गाठणाऱ्यांची परंपरा तर मुंबईचीच; परंतु घराचे भाडे वेतनाचा एवढा भाग खाते की वडिलोपार्जित घराशिवाय हे गणित बसत नाही. नागपूरच्या मिहान प्रकल्पात मोठ्या कंपन्या आहेत आणि ताडोबा, पेंच आवाक्यात आहेत. तथापि व्याघ्रप्रकल्पाचा गाभा परवाना काढून, वाहनात बसून पाहायचा असतो, तेथे पायी हिंडता येत नाही, आणि पावसाळ्यात तो बंदच असतो. गोव्यात निसर्ग दाराशी आहे आणि नोकऱ्या पडद्यापलीकडे. घरून काम करण्याची मुभा कंपनीने एका ईमेलने काढून घेतली की घरमालकाला नोटीस द्यावी लागते.

बंगळूरला न्याय द्यायचा तर त्याची हवा पुण्यापेक्षा सौम्य आहे, एप्रिलमध्ये हा फरक फार जाणवतो, आणि लालबाग व कब्बन पार्क यांच्या तोडीची जुनी उद्याने पुण्यात नाहीत. नंदी टेकड्या सुमारे ६० किलोमीटरांवर आहेत; खरा पश्चिम घाट, म्हणजे कोडगू वा चिक्कमगळूर, अडीचशे किलोमीटरांच्या आसपास. तेथील निसर्ग उत्तम आहे. तो जोडून सुट्टी आल्यावर भेटतो, एवढेच.

पुण्याच्या बाजूने निकाल देतानाही एक गोष्ट लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पालिकेत १९९७ मध्ये समाविष्ट झालेल्या २३ गावांतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण टाकण्याचा निर्णय वर्षानुवर्षे रखडून २०१५ मध्ये मान्य झाला. जमीनमालकांना मोबदला म्हणून आठ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे आपल्या जमिनीवर न करता येणारे बांधकाम अन्यत्र करण्याचा किंवा विकण्याचा अधिकार, देऊ करण्यात आला. मालकांना तो अपुरा वाटला, जमिनी ताब्यात येईनात, आणि दरम्यान उतारांवर पत्र्याच्या शेडपासून बंगल्यांपर्यंत बेकायदा बांधकामे चढत गेली. वेताळ टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा रस्ता नेण्याच्या प्रस्तावाविरुद्ध नागरिक २०२३ मध्ये रस्त्यावर उतरले होते. हा रस्ता मागणारी वाहतूक आणि त्या उतारांवरची घरे घेणारी ऐपत, दोन्ही बऱ्याच अंशी याच व्यवसायाच्या पगारातून आलेली आहेत. मुळशी, पवना परिसरातील ‘फार्महाऊस प्लॉट’च्या जाहिरातींचा रोखही याच पगारावर असतो. ज्या मुळशीच्या जलाशयाकाठी हे प्लॉट विकले जातात, त्या धरणाविरुद्ध तेथील शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता, हे जाहिरातीत लिहिण्याची अर्थातच पद्धत नाही. चिरंजीवांनी असा प्लॉट घेऊ नये, एवढी आगाऊ सूचना.

अंतिम निर्णयाआधी एक प्रयोग करावा. पुण्यात येऊन, पसंत पडलेल्या घराच्या दारातून एखाद्या मंगळवारी सकाळी सहाला निघून पायी टेकडीचा माथा गाठण्यास किती मिनिटे लागतात ते पाहावे, आणि त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला कार्यालयाच्या फाटकातून निघून त्याच दारात परतण्यास किती लागतात तेही. बंगळूरच्या घराबाबतही असेच करावे, आणि मगच दोन्ही वेतनांचे आकडे शेजारी मांडावेत. चारही वेळा परतीच्या पत्रात लिहून पाठवाव्यात.

 

मामाचे आशीर्वाद