डोंग्याच्या टोंकाला

शाळेंत भूगोल शिकविणाऱ्या माणसाचें आयुष्य दुसऱ्यांच्या प्रवासांवर जातें. आम्हीं चंद्रपुरास सव्वीस वर्षें मुलांना वास्को द गामा, मॅगेलन, लिव्हिंग्स्टन यांच्या मागोमाग समुद्रांतून व अरण्यांतून फिरविलें; स्वतः मात्र चंद्रपूर-नागपूर या लोहमार्गाबाहेर फारसे गेलों नाहीं. नकाशा टांगला, छडी आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालून कालिकतास टेंकली, कीं अंगांत वीरश्री संचरे. ही वीरश्री फुकटची होती, हें आतां कबूल केलेलें बरें.

अशाच एका वर्षीं सहामाही परीक्षेंत ‘हिंदुस्थानास येण्याचा जलमार्ग कोणीं शोधून काढला?’ असा प्रश्न आम्हीं घातला होता. वर्गांत अहेरीकडील नदीकांठच्या एका गांवचा मुलगा होता; वसतिगृहांत राही, बोलणें थोडें तेलुगु वळणाचें. त्यानें उत्तर लिहिलें: ‘मलिंदीच्या नावाड्यानें.’ खालीं आणखी एक ओळ होती. साहेब लोक आमच्या गांवीं येतात तेव्हां डोंग्याच्या मध्यें बसतात आणि माझे बाबा टोंकाला उभे असतात, अशा अर्थाची.

मलिंदीचा नावाडी आम्हींच वर्गांत ओझरता सांगितला होता. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील त्या बंदरांत गामानें एक जाणता वाटाड्या बरोबर घेतला, आणि त्याच्या बळावर १४९८ च्या मे महिन्यांत तो कालिकतच्या किनाऱ्यास लागला. पण तें सांगणें गोष्ट रंगावी म्हणून होतें, उत्तरपत्रिकेंत उतरावें म्हणून नव्हतें. आम्हीं तांबड्या शाईनें काट मारली व समासांत ‘पुस्तक नीट वाचावें’ असा शेरा दिला. मुलगा दिवाळीच्या सुटींत घरीं गेला तो परत आला नाहीं. शेऱ्याचा आणि त्याच्या न येण्याचा संबंध होता असें आम्ही म्हणत नाहीं. त्या भागांतलीं मुलें शाळा सोडीत, त्यास कारणें पुष्कळ असत. तरी ती काट आमच्या डोळ्यांपुढून गेली नाहीं.

सेवेंतून मोकळे झाल्यावर दुपार लांबली, आणि आमचें वाचन दूरच्या समुद्रांवरून हळूहळू घराकडे वळलें. तेव्हां कळलें कीं, ज्यांस आम्ही ‘शोधक’ म्हणत आलों त्यांच्यापैकीं कांहीं जण आमच्या दारावरूनच गेले होते. १७९५ सालीं कॅप्टन ब्लंट नांवाचा कंपनीचा अधिकारी गंगाकांठच्या चुनारगडाहून निघाला. बंगालमधून उत्तर सरकारांत, म्हणजे गोदावरीच्या मुखाकडील प्रांतांत, रानांतून वाट निघते कीं काय, हें त्यास पाहावयाचें होतें. बस्तर पाहण्याची इच्छा होती, ती सफळ झाली नाहीं. गोंडांशीं चकमक उडाली, आणि आपल्या या जिल्ह्यांच्या बाजूनें त्यास गोदावरीकडे उतरावें लागलें. त्याचा वृत्तांत पुढें बंगालच्या एशियाटिक सोसायटीनें छापला. अशा वृत्तांतांची एक रीत असते. लेखकाचें नांव पहिल्या पानावर, राजांचीं नांवें मधूनमधून, आणि वाटाड्या प्रगट होतो तो बहुधा पळून गेला म्हणून!

हिंगणघाट हें तर आमच्या नित्याच्या मार्गावरचें स्टेशन. तेथें किती वेळां चहा घेतला असेल! त्याच गांवीं २० जानेवारी १८२३ रोजीं विल्यम लॅम्ब्टन वारला, आणि तेथेंच त्याचें थडगें आहे. १८०२ सालीं मद्रासेजवळ पायारेषा मोजून त्यानें या देशाच्या त्रिकोणमितीय मापनास आरंभ केला, व वीस वर्षें तो तेंच काम करीत उत्तरेकडे सरकत आला. त्याची चिकाटी विलक्षण, यांत वाद नाहीं. पण त्याचें मोठें कोनमापक यंत्र अर्ध्या टनाचें होतें. आणि अर्धा टन म्हणजे काय, हें खांद्यावर घेतल्यावांचून कळत नाहीं. साहेबांस तें कागदावरून ठाऊक होतें, हमालांस खांद्यावरून.

स्टीफन हिस्लॉपविषयीं मात्र आमच्या मनांत निराळा भाव आहे. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ सालीं नागपुरास आला. तो खडक फोडून जीवाश्म गोळा करी, आणि तितक्याच आस्थेनें प्रधानाच्या तोंडून लिंगोचें गोंडी गीत उतरून घेई. १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाटाकडील प्राचीन शिलावर्तुळें पाहावयास गेला असतां पुराच्या पाण्यांत त्याचा अंत झाला. सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या कांठीं कोटा म्हणून गांव आहे. तेथील दगडांत सांपडलेले माशांचे अवशेष त्याच सुमारास विलायतेस गेले व लॅटिन नांव घेऊन ग्रंथांत बसले. पुढें मेडलिकॉटनें मध्य हिंदुस्थानांतील खडकांच्या एका मोठ्या थरास ‘गोंडवन’ नांव दिलें, आणि १८८५ सालीं झ्यूस या ऑस्ट्रियन भूगर्भशास्त्रज्ञानें तेंच नांव एका प्राचीन महाखंडास लावलें. आतां आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका यांच्या पूर्वरूपास जगभर गोंडांच्या भूमीचें नांव आहे. आम्हीं तें नांव फळ्यावर अनेकदां लिहिलें. बांकांवर गोंड मुलें बसलेलीं असत. हें तुमचें नांव आहे, असें त्यांस सांगण्याचें एकदांही सुचलें नाहीं.

वाचतां वाचतां देवलमरी हें नांव भेटलें, आणि आम्ही घरांत स्वस्थ बसूं शकलों नाहीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हां वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांतून बोटींनीं समुद्रास न्यावा, या योजनेस जोर चढला. गोदावरीवर धवळेश्वरमचें धरण बांधणारा आर्थर कॉटन हा या कल्पनेचा पुरस्कर्ता, आणि कॅप्टन हेग हा इंजिनियर. वाटेंत खडकांचे तीन मोठे अडथळे: पहिला दुम्मागुडेमपाशीं, दुसरा इंद्रावतीच्या संगमाजवळ, तिसरा प्राणहितेंत देवलमरीस. पुष्कळ पैसा नदींत गेला, माणसें तापानें खचलीं, आणि १८७१ सालीं सर्व काम सोडून देण्यांत आलें. रेल्वे १८६७ सालींच नागपुरास पोंचली होती.

गेल्या पौषांत आम्ही अहेरीस उतरून देवलमरीस गेलों. तो मुलगा ज्या भागांतला, तोच हा भाग. हें मनांत नव्हतें असें नाहीं. कांठावर एक वृद्ध नावाडी जाळें सांधीत बसला होता. अडथळ्याचे खडक पाहावयाचे आहेत, असें आम्हीं सांगितलें.

“कोनता खडक पाहाचा जी?” त्यानें विचारलें. “लई हायेत.”

डोंगा निघाला. हिंवाळ्याचें पाणी उतरलेलें, काळे पाषाण पाठी वर काढून पडलेले. आम्हीं हेगचीं मोजमापें टिपून घेतलेलीं वही उघडली, तितक्यांत म्हातारा एकेका खडकाकडे बांबू करून नांवें सांगूं लागला. कांहीं तेलुगु, कांहीं गोंडी. एकाचा अर्थ विचारला तेव्हां हंसून म्हणाला, “हा माजलेला हाये. पुरात एक डोंगा मागते.” कोणत्या खडकाच्या कोणत्या अंगास श्रावणांत धार वळते, कोठें पाणी शांत दिसतें पण तळीं ओढतें, हें तो सांगत होता. इंजिनियरांस अडथळा एक होता. याच्यापुढें चाळीस होते, आणि प्रत्येकांतून वाट होती. आमची पेन्सिल पहिल्या सातांनंतर थांबली. वही मिटून ठेविली.

शेवटीं धीर करून त्या मुलाविषयीं विचारलें. नांव आठवत होतें, आडनांव आठवेना. म्हातारा बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. “त्या नावाचे तीन होते जी,” तो म्हणाला. “दोघं मंचेरियालले गेले. एक इथंच होता.” होता, या शब्दापुढें आम्हांस कांहीं विचारवलें नाहीं, आणि त्यानेंही आपण होऊन सांगितलें नाहीं.

परततांना वारा उठला, डोंगा हेलकावे खाऊं लागला. आम्ही खडक नीट दिसावेत म्हणून पुढें सरकून बसलों होतों.

“गुर्जी, मधात बसा जी,” म्हातारा म्हणाला, आणि बांबू घेऊन टोंकाला उभा राहिला.

आम्ही मध्यें जाऊन बसलों.