काठीचे वजन आणि मुठीची जाडी

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आमच्या पिढीने लहानपणी इतक्या वेळा ऐकली आहे की, एखादे अंगण खरोखरच वाकडे असू शकेल ही शंकाही मनास शिवत नाही. शिक्षकाच्या धंद्यात तर ही म्हण फारच सोयीची. पण ज्याच्या हातात हत्यार रोज असते त्याचा तिच्यावर फारसा विश्वास दिसत नाही. खुरप्याची मूठ बारीक असली तर दुपारपर्यंत बोटे आखडतात, कुऱ्हाडीचा दांडा तळव्यात फिरू लागला तर घाव चुकतो, हे आमच्या अहमदपूर तालुक्यातील कोणत्याही शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. हाच न्याय पूल नावाच्या खेळातील काठीस कितपत लागू पडतो, हा प्रश्न गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्यापुढे आला, आणि तो आला एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या सोयाबीनच्या पैशांच्या निमित्ताने.

पूलच्या टेबलाविषयी सुशिक्षित घरांतून जे मत आहे ते आम्हांस ठाऊक आहे. तेथे जाणारा मुलगा वाया गेला असे धरून चालण्याचा प्रघात आहे. त्या खोल्यांतील धूर आणि गोंगाट पाहिला म्हणजे हे मत अगदीच निराधार आहे असेही म्हणवत नाही. परंतु हा खेळ ज्या कुळातला, ते कूळ आपणांस परके नाही. त्याच कुळातील स्नूकर हा खेळ 1875 साली जन्मला तो आपल्याच जबलपुरास, लष्करी अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात. आणि बिलियर्ड्सची हौशी खेळाडूंची जागतिक स्पर्धा 1958 साली कलकत्त्यास व 1964 साली न्यूझीलंडमध्ये जिंकणारे विल्सन जोन्स हे जन्माने पुण्याचे. तेव्हा एखाद्या प्राध्यापकाने संध्याकाळी त्या टेबलाशी घटकाभर उभे राहणे, यात वाचकांनी फार मोठे अधःपतन मानू नये.

आमचा हा विद्यार्थी शेतकऱ्याचा मुलगा. पंजा रुंद, बोटे जाड. खेळात नजर चांगली. पण जरा जोराचा फटका मारावयाचा झाला की, काठीचे टोक ऐन वेळी हलके आणि पांढरा चेंडू भलतीकडे जाई. त्याचा निदानाविषयी निश्चय झाला होता. “सर, काठीलाच दम नाही. भारी काठी पाहिजे.” क्लबच्या भिंतीस लावलेली काठी अठरा औंसांची, त्याने एकवीस औंसांची हेरून ठेविली होती, आणि तिची किंमत जवळजवळ दोन क्विंटल सोयाबीनची. वडील नाही म्हणाले नव्हते. खरे दुखणे तेच. मुलाने मागावे आणि बापाने निमूटपणे द्यावे, अशी ती वेळ नव्हती. त्या वर्षीचा भाव सर्वांस माहीत होता.

आम्ही त्यास टेबलाच्या कडेवर कागद ठेवून हिशेब मांडून दाखविला. अठरा औंस म्हणजे सुमारे 510 ग्रॅम, जुन्या भाषेत चव्वेचाळीस तोळ्यांच्या आसपास. ऐंशी तोळ्यांच्या शेराच्या निम्म्याहून थोडे अधिक. चेंडू सहा औंसांचा. आता जड वस्तू हलक्या वस्तूवर आदळली म्हणजे हलकीला मिळणारा वेग दोहोंच्या वजनांच्या प्रमाणावर ठरतो. काठी त्याच वेगाने पुढे आली असे धरले, तर अठराच्या जागी एकवीस औंस केल्याने चेंडूचा वेग शेकडा चारांनीही वाढत नाही. म्हणजे काठीचे वजन सहाव्या हिश्शाने वाढवावे आणि पदरात पडावा पंचविसावा हिस्सा! शिवाय जड काठी त्याच वेगाने पुढे येईल हे तरी कोणी सांगितले? हात किंचित मंदावला की तेवढाही लाभ गेला. काठी आणि चेंडू यांचा स्पर्श टिकतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. तेवढ्या अवधीत मनगटाने मागून कितीही जोर लाविला तरी तो चेंडूपर्यंत पोहोचत नाही. जोर म्हणून जो काही असतो, तो स्पर्शापूर्वी काठीच्या वेगात साठलेला असावा लागतो.

या खेळाचे गणित प्रथम सविस्तर मांडले ते फ्रान्सातील कोरिओलिस याने, 1835 साली. ज्याचे नाव आज आपण मोसमी वाऱ्यांच्या वळणाच्या संदर्भात घेतो, तोच हा गृहस्थ. वारे आणि चेंडू यांत फिरण्याचा गुण समान आहे खरा.

तर वजनास काहीच अर्थ नाही काय? आहे, पण तो जोरात नसून चालीत आहे. फार हलकी काठी हाताच्या प्रत्येक कंपनास ओ देते. थोडी जड काठी आपल्या वजनाने सरळ चालत राहते. उलट बिलियर्ड्स आणि स्नूकर खेळणारे बहुधा सोळा ते अठरा औंसांवर संतुष्ट असतात, कारण तेथे हळुवार फटक्याचे राज्य अधिक. आणखी एक समजूत येथेच खोडून टाकावी. चेंडूच्या कडेला फटका मारला असता तो नेमाच्या रेषेपासून थोडा ढळतो, तो एकंदर काठीच्या वजनाने नव्हे. टोकाकडील वीतभर भागाचे वजन तेवढे त्यास कारण असते. मुठीत शिसे ओतून तो दोष जावयाचा नाही, वाढावयाचाही नाही.

राहिली मुठीची जाडी, आणि आमच्या मते या मुलाचे दुखणे तेथेच होते. डावा हात टेबलावर टेकून काठीस आधार देतो. उजव्या हाताने ती नुसती झुलवावयाची असते. कोपरापासून खाली हात लंबकासारखा सुटा राहिला पाहिजे. क्लबची ती काठी मुठीपाशी पुरती सव्वा इंचही जाड नव्हती. एवढ्या बारीक मुठीभोवती त्याचा रुंद पंजा सैल राहीना. काठी निसटेल या भयाने बोटे आवळत, बोटे आवळली की मनगट ताठ, मनगट ताठ की काठीचे मागचे टोक वर आणि पुढचे खाली. त्यात लहानपणापासून कुऱ्हाड धरलेला हात. घाव घालताना आवळणे त्याच्या अंगात मुरलेले. याच्या उलट प्रकारही आम्ही तेथेच पाहिला. एका शिंप्याच्या नाजूक बोटांच्या मुलास तीच काठी अगदी बेताची वाटे, आणि जाड मुठीची दिली की बोटांचा वेढा पुरा न पडल्यामुळे त्याचा फटका अडखळे. क्लाइव्ह लॉइड बॅटच्या मुठीवर एकावर एक रबरी आवरणे चढवीत, आणि सचिन तेंडुलकर इतरांस जड वाटणारी बॅट लीलेने फिरवीत. या दोघांनी आपापसांत हत्यारे बदलली असती तर दोघांचेही नुकसान झाले असते.

लॉइडचे नाव निघाल्यावर पुढचा उपाय मुलास आपणहून सुचला. बाजारात क्रीडासाहित्याच्या दुकानी बॅटचे रबरी आवरण मिळते. त्याने एक आणले, पावडर लावून काठीच्या मागच्या बाजूने चढविले, जास्तीचे कापून टाकले. पहिल्या दिवशी काही फरक दिसला नाही. उलट काठी परकी वाटते अशी त्याची तक्रार होती. आठवडाभराने बोटे सुटी पडू लागली, आणि जोराच्या फटक्यातही टोक जागचे हलेनासे झाले. वजन तेच, अठरा औंस. फार तर रबराचे तोळे-दोन तोळे वर.

क्लबच्या मालकाने आपल्या काठीस रबर लाविल्याबद्दल प्रथम कुरकुर केली. पुढे आणखी दोघांनी तीच काठी मागितल्यावर त्याने ती भिंतीवर वेगळ्या खुंटीस लाविली. सोयाबीनचे पैसे त्या वर्षी हरभऱ्याच्या बियाण्यास गेले, असे आम्हांस मागाहून कळले.