डब्यातलं नोझल

आमच्या कन्हेरीपासून समुद्र चांगलाच लांब. दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला घेऊन मी गोव्याला गेले, तर समुद्र राहिला बाजूला; त्यानं मला आधी ओढत नेलं ते बोगमाळोजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात.

अंगणात जुनी विमानं उभी आहेत. १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’ जहाजावरून उडालेल्या जातीची, सी हॉक आणि अलिझे. आमचे पाय थांबले ते मात्र सी हॅरियरपाशी.

‘‘आत्या, याच्या कुशीला ही तोंडं कसली गं?’’

‘‘ती नोझलं. दोन इकडं, दोन तिकडं. वळवून खाली केली की इंजिनाचा झोत जमिनीवर आदळतो आणि विमान जागच्या जागी उचललं जातं. मागं वळवली की सुसाट पुढं! जहाजावर उतरायला लांब धावपट्टी नको.’’

नोझल म्हटलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. का, ते सांगते.

आमच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. त्याच जातीचं दुसरं, बंद पडलेलं इंजिन आण्णांनी बाभळीखाली ठेवलं होतं. इकडचं काही मोडलं की तिकडचं काढून बसवायचं. त्याचं करंगळीएवढं नोझल तेवढं फडक्यात गुंडाळून डब्यात जपलेलं. मी तेव्हा तिसरीत. भंगारवाला आला. मी डबा उघडला. दोन गारेगार मिळाले, एक लाल आणि एक पिवळा.

वैशाखात इंजिन बंद पडलं. आण्णांनी डबा उघडला, नुसतं फडकं निघालं. ते काही बोलले नाहीत. इंजिन जुनं, नोझल बारामतीत मिळेना. पुण्याहून यायला चार दिवस गेले. तोवर कोथिंबीर जळून गेली होती.

सी हॅरियरची गोष्टही काहीशी अशीच आहे. हे ब्रिटिश विमान १९८३ च्या डिसेंबरात गोव्यात दाबोळीला आलं. ‘विक्रांत’वर आणि पुढे ‘विराट’वर राहिलं. त्याचं दुखणं काढणंही सोपं नव्हतं. इंजिन बाहेर काढायचं तर आधी वरचे पंख उचलून बाजूला ठेवावे लागत! २००६ मध्ये ब्रिटिश नौदलानंच आपली सी हॅरियर निवृत्त केली. जिथं विमान बनलं तिथंच ते थांबलं, मग सुट्या भागांचा भरवसा कुणाचा? आपली विमानं चालू राहावीत म्हणून त्यांची आठेक जुनी विमानं घ्यावीत, असा विचार आपल्या नौदलानं त्या वर्षी केला. पण रडार काढून मिळणार, वर डागडुजीचा खर्च भारी! बेत बारगळला. तरीही आपल्या तंत्रज्ञांनी ती आणखी दहा वर्षं उडती ठेवली. मे २०१६ मध्ये गोव्यातच त्यांना निरोप दिला. त्यांची जागा मिग-२९के विमानांनी घेतली.

या तंत्रज्ञांची नावं तिथल्या पाटीवर मला काही दिसली नाहीत.

‘‘आत्या, याचं नोझल हरवलं असतं तर?’’ भाच्यानं विचारलं.

मी त्याला गारेगार घेऊन दिला. स्वतः घेतला नाही.

आण्णा आता थकलेत, पण शाळेत हे साप्ताहिक आलं की मी घरी नेते आणि ते चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचतात. डब्याचं त्यांना अजून सांगितलेलं नाही. हा अंकही त्यांच्या हाती पडेलच.